जिम दोनदा सुटलं, साखर सीमेवर आली. व्यायामाशिवाय अंग हलतं ठेवता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४८, ठाण्यात चौदाव्या मजल्यावर घर, २०२० पासून काम घरूनच. जिमचे वर्षभराचे पैसे दोनदा भरलेत. पहिल्यांदा अकरा दिवस गेलात, दुसऱ्यांदा तेवढेही नाही. साखर सीमेवर आहे, डॉक्टरांनी औषध अजून दिलेलं नाही, "हालचाल वाढवा" एवढंच सांगितलंय. आणि शेवटी तुम्ही थोडं चिडूनच लिहिलंय, की आईने जन्मात कधी व्यायाम केला नाही, तरी पंचाहत्तरीपर्यंत ती टुणटुणीत होती. तीन वर्षांपूर्वी गुहागरहून तुमच्याकडे आली आणि आता तिला सोफ्यावरून उठायलाही हात द्यावा लागतो. मग व्यायाम व्यायाम म्हणून जो तो मागे का लागतो?

मी डोंबिवलीत फिजिओथेरपी करते, यंदा पंचवीस वर्षं होतील. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच शेवटच्या ओळीत आहे. तीन वर्षांत आईंचं वय तीनच वर्षांनी वाढलं. बदललं ते घर.

आईंचा गुहागरचा दिवस तुम्ही लिहिलेला नाही, पण त्या पट्ट्यातल्या इतक्या आज्या माझ्याकडे येऊन गेल्यात की मला तो साधारण पाठ आहे. न्हाणीघर मागीलदारी, म्हणजे दोन पायऱ्या उतरून. विहिरीचं पाणी. पुढे पंप आला तरी कळशी उचलणं सुटलं नाही. अंगण झाडायचं तेही वाकून, बुटक्या केरसुणीने. आगरात पडलेला नारळ दिसला की उचलायचा, झावळी दिसली की ओढत आणायची. भाजी विळीवर, म्हणजे जमिनीवर बसून. जेवण पाटावर. दुपारी लवंडायचं ते चटईवर. मध्येच शेजारीण हाक मारते म्हणून उठायचं, मांजर दुधाशी गेलं म्हणून उठायचं. जमिनीपासून उभ्यापर्यंतचा हा प्रवास दिवसाला तीस-चाळीस वेळा सहज होत असेल. मोजत कोणीच नव्हतं.

आता तुमच्या फ्लॅटमध्ये टेप घेऊन फिरा. पलंग, सोफा, जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या, कमोड, सगळ्यांची उंची दीड फुटाच्या आसपास भरेल. म्हणजे दीड फुटाच्या खाली जायची वेळ आईंवर दिवसभरात एकदाही येत नाही. जी गोष्ट दिवसाला तीस वेळा होत होती ती शून्यावर आली, आणि स्नायू तर फार हिशेबी असतात. वापर नाही म्हटलं की ताकद काढून घेतात. म्हातारपणी तर ते काम झपाट्याने होतं. तुमचं तेच चाललंय, फक्त तुम्ही अठ्ठेचाळीसचे आहात म्हणून अजून हात लागत नाही.

तेव्हा व्यायामशाळेत पाऊल न टाकता धडधाकट राहता येतं का? येतं, बऱ्याच प्रमाणात येतं. पण त्यासाठी इच्छाशक्ती वाढवायला जाऊ नका, तिचा अनुभव तुम्ही दोनदा घेतलाय. घराची आणि दिवसाची मांडणी बदला, म्हणजे शरीराला उठावंच लागेल.

यामागे जुना आणि भक्कम आधार आहे. १९५३ साली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने लंडनच्या डबल डेकर बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. कंपनी तीच, बस तीच, राहणीमानही साधारण सारखं. ड्रायव्हर पाळीचा जवळजवळ सगळा वेळ बसलेला, तर कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढायचा. कंडक्टरांमध्ये हृदयविकार बराच कमी निघाला आणि झाला तरी सौम्य. कोणी जिमला जात नव्हतं, तिकिटं फाडत होते. पुढे मॉरिसच्याच गटाने एक गंमत शोधली. गणवेशाच्या नोंदी काढून पँटच्या कंबरेची मापं बघितली, तर ड्रायव्हर नोकरीला लागतानाच थोडे रुंद होते. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. तरीही त्यानंतरच्या सत्तर वर्षांत मुख्य मुद्दा टिकून राहिलाय. (आपल्या बेस्टच्या जुन्या डबल डेकरला दोन कंडक्टर असायचे, एक वर, एक खाली. त्यामुळे मुंबईच्या कंडक्टरला लंडनवाल्याइतका जिना बहुतेक मिळाला नसणार.)

दुसरा आधार २००५ सालचा, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा. जेम्स लेव्हिन यांनी दहा सडपातळ आणि दहा स्थूल माणसांच्या अंगावर दहा दिवस सेन्सर बांधून ठेवले. यातलं कोणीही व्यायाम करणारं नव्हतं. तरी स्थूल माणसं रोज साधारण दोन तास जास्त बसत होती, आणि त्यांनी दुसऱ्या गटासारखी ऊठबस केली असती तर रोजच्या साडेतीनशे कॅलरी आणखी खर्च झाल्या असत्या. हा खर्च व्यायामाचा नव्हे. पाणी आणायला उठणं, फोनवर बोलताना फेऱ्या मारणं, खिडकी लावायला जाणं, असल्या किरकोळ गोष्टींचा.

आणि "सलग अर्धा तास केलं तरच उपयोग" हा समज आता डोक्यातून काढून टाका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या शिफारशीत निदान दहा मिनिटं सलग हवीत अशी अट होती. २०२० मध्ये ती काढली. आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम हालचाल हा आकडा राहिला, पण ती तुकड्यातुकड्यांनी केली तरी चालते. "मध्यम" म्हणजे काय ते ओळखायला घड्याळ लागत नाही. हालचाल करताना बोलता येतंय, पण गाणं म्हणायला गेलात तर दम तुटतोय, म्हणजे मध्यम. चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागलं तर जोरकस. आरामात गाता येत असेल तर ती हालचाल हलकी आहे. बसण्यापेक्षा नक्कीच बरी, पण तिच्या जिवावर दीडशे मिनिटांचा हिशेब मांडू नका.

जोरकस हालचालीचा तुकडा अगदी एक-दोन मिनिटांचा असला तरी मोलाचा दिसतो. ब्रिटनमधल्या, व्यायाम न करणाऱ्या पंचवीस हजार माणसांच्या मनगटावरच्या यंत्रांच्या नोंदी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. दिवसात तीनेक वेळा एक-दोन मिनिटं दम लागेल असं काही करणारे, म्हणजे बस गाठायला धावणारे किंवा पिशव्या घेऊन जिना चढणारे, यांच्यात पुढच्या सात वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी होतं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. मुळात तब्येतीने बरी असलेलीच माणसं बसमागे धावत असतील, हेही खरं. पण तुम्हाला रोज तीन वेळा दोन मिनिटं दम लागला तर नुकसान काही नाही.

आता घरात काय करायचं ते सांगते.

सगळ्यात आधी जमीन. जिम नको म्हणणाऱ्या माणसाला मी एकच गोष्ट सांगायची ठरवली तर ही सांगेन: दिवसातलं एक जेवण आणि संध्याकाळचा टीव्ही चटईवर. मांडी घालून, पाय पसरून, एक गुडघा वर करून, जसं जमेल तसं. जमिनीवर बसलेला माणूस दर पाच-सात मिनिटांनी आपोआप चाळवाचाळव करतो, सोफा मात्र त्याला तासभर गिळून टाकतो. टांझानियातल्या हाड्झा या शिकारी जमातीचा २०२० साली आलेला अभ्यास याच धर्तीचा आहे. तेही दिवसाला नऊ-दहा तास विसावलेलेच असतात, आपल्याइतकेच. पण विसावतात ते बऱ्याचदा उकिडवे किंवा गुडघ्यावर, त्यामुळे पायाचे स्नायू थोडे थोडे जागे राहतात.

बसण्यापेक्षा खरी कमाई उठण्यात आहे. माझ्याकडे येणाऱ्या चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी जमिनीवर बसून उठायला लावते आणि गप्प बघत राहते. त्यात माणसाचा गेल्या दहा वर्षांचा इतिहास दिसतो. आधी हात शोधाशोध करतात, टेबलाचा पाय, भिंत, माझा पांढरा कोट, काहीही. मग श्वास रोखला जातो. मग "हा गुडघा जरा..." असं म्हणून हसतात. परवा आलेले एक गृहस्थ, बँकेतून निवृत्त, रोज सकाळी पाच किलोमीटर चालणारे, तीन वेळा प्रयत्न करूनही आधाराशिवाय उठू शकले नाहीत. चालण्याने त्यांचं हृदय उत्तम राखलं होतं. मांड्या मात्र कशाच राखल्या नव्हत्या, कारण सपाट रस्त्यावर मांडीला फारसं काम पडत नाही.

ब्राझीलमधल्या क्लाउदिओ जिल आराउजो या डॉक्टरांनी याचीच चाचणी केलीय. बसायचे पाच गुण, उठायचे पाच, आणि हात किंवा गुडघा टेकला की दर वेळी एक गुण कमी. एक्कावन्न ते ऐंशी वयाच्या दोन हजार माणसांत कमी गुणवाल्यांचं मृत्यूचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत ठळकपणे जास्त निघालं. घरी करून बघाल, पण गुण कमी पडले म्हणून घाबरू नका. ज्याचा गुडघा ऑपरेशनचा आहे त्याला ही चाचणी लागूच होत नाही.

सवय मोडली असेल तर एकदम जमिनीवर जाऊ नका. उतरंड लावा: आधी खुर्ची, मग बुटकं स्टूल, मग पूजेचा चौरंग, मग पाटावर पाट, आणि शेवटी चटई. प्रत्येक पायरीला आठ-दहा दिवस. उठताना सरळ वर झेप घ्यायला बघू नका, सगळे तिथेच फसतात. एका कुशीला वळा, दोन्ही हात जमिनीवर टेका, रांगत्या बाळासारखे चार पायांवर या. मग जो पाय जास्त ताकदीचा त्याचं पाऊल पुढे, हात समोरच्या खुर्चीच्या बैठकीवर, नाक पुढे न्या आणि उठा. नाक पायाच्या बोटांच्या पुढे गेलं की ढुंगण आपोआप उचललं जातं. हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा म्हणते, अजून कोणी हसल्याशिवाय राहिलेलं नाही, पण त्यामुळेच ते लक्षात राहतं. गुडघे झिजलेले असतील तर उकिडवं बसायचा हट्ट नको. खुर्चीवरूनच, हात छातीशी बांधून, प्रत्येक जाहिरातीच्या वेळी पाच वेळा ऊठबस करा.

जिना. तुम्ही चौदाव्या मजल्यावर आहात, म्हणून तुम्ही तो विचारातच घेतला नसणार. चौदा चढू नका. लिफ्ट अकराव्यावर थांबवा आणि उरलेले तीन मजले चढा. दोन आठवड्यांनी दहाव्यावर थांबवा. उतरताना बेलाशक लिफ्ट वापरा, कारण गुडघ्याच्या वाटीवर उतरतानाच जास्त भार येतो. कठडा धरा, त्यात लाज कसली? एक पाय दुखरा असेल तर चढताना चांगला पाय आधी टाका, उतरायची वेळ आलीच तर दुखरा आधी. आणि बाबांनो, आधी जिना बघून या. आमच्या इमारतीत मी जोरात जाहीर केलं की उद्यापासून जिना, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की तिसऱ्या-चौथ्या मजल्यामध्ये दिवे नाहीत, एका वळणावर मोडकी सायकल आणि कोणाच्या तरी लग्नातल्या उरलेल्या खुर्च्या. कमिटीला तीन अर्ज केले. शेवटी बल्ब मीच आणले. सायकल अजून तिथेच आहे.

जेवणानंतरचं चालणं. हे तुमच्यासाठी, साखर सीमेवर आहे म्हणून, सगळ्यात कामाचं. आपल्याकडे शतपावली होतीच. फक्त शंभर पावलं म्हणजे एक-दीड मिनिट, तेवढं पुरत नाही, ती पंधरा मिनिटांपर्यंत न्या. जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासात रक्तातली साखर चढायला लागते, आणि चालणारा स्नायू ती साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता आत ओढून घेतो. अमेरिकेत २०१३ मध्ये साठीच्या पुढच्या, साखर वाढलेल्या दहा जणांवर एक छोटासा प्रयोग झाला. प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं हे सकाळी एकदम पंचेचाळीस मिनिटं चालण्याइतकंच गुणकारी ठरलं, आणि रात्रीच्या जेवणानंतरच्या साखरेला तर जास्तच. दहाच माणसांचा प्रयोग आहे, पण तुमच्याकडे साखर मोजायचं यंत्र असेल तर एक दिवस जेवून बसा, एक दिवस तेच जेवून चाला, आणि दोन्हीकडे दोन तासांनी बोट टोचून बघा. माझ्या सांगण्यापेक्षा ते जास्त पटेल. पावसाळ्यात पार्किंगमध्ये चाला, नाहीतर घरातल्या घरात दिवाणखाना ते गॅलरी. शेजारी काय म्हणतील याची काळजी असेल तर कानाला फोन लावून चाला. फोनवर येरझारा घालणाऱ्याकडे कोणीही बघत नाही.

घरून काम. तुमच्या फोनमधली पावलांची जुनी नोंद शिल्लक असेल तर २०१९ चा कुठलाही मंगळवार उघडून बघा. ठाणे स्टेशनचा पूल, फलाटावरची धावपळ, लोकलमध्ये एका पायावर उभं राहणं, उतरल्यावर ऑफिसपर्यंतची पायपीट, जेवायला बाहेर जाणं. त्या वेळी तुम्ही त्याला हाल म्हणत होतात आणि ते हालच होते. पण त्या हालांबरोबर तुमची सगळी हालचालही गेली, आणि तिच्या जागी दुसरं काहीच आलं नाही. ती जागा भरायला मी तीन उपाय सांगते, तिन्ही फुकट. टेबलावरची लिटरची बाटली उचला आणि स्वयंपाकघरात ठेवा, टेबलावर फक्त फुलपात्र. तहान तितकीच लागणार, फेऱ्या आठ होतील. आणि चार्जर दुसऱ्या खोलीत लावा. कॅमेरा बंद असलेली प्रत्येक मीटिंग उभ्याने किंवा चालत. दिवसभर उभं राहून काम करायचं टेबल मात्र घेऊ नका. त्याने नुसतं बसणं जाऊन नुसतं उभं राहणं येतं, आणि टाचदुखीचे रुग्ण मला मिळतात.

घरकामाबद्दल थोडं परखड बोलते. "घरकामात सगळा व्यायाम होतो" हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षं ऐकतेय, आणि ते बहुतेक वेळा घरकाम न करणाऱ्याच्या तोंडून. ओट्याशी दोन तास उभं राहून पोळ्या लाटणारी बाई दमते, तिची कंबर भरून येते, संध्याकाळी पाय सुजतात. पण तिला विचारा, पोळ्या लाटताना गाणं म्हणता येतं का? येतं, आरामात येतं. म्हणजे थकवा पुरेपूर आणि हृदयाला काम बेताचं. अशा बाईला मी "आणखी हालचाल करा" असं कधीच सांगत नाही. ओट्याखाली एक पाट ठेवायला सांगते, आलटूनपालटून एक पाय त्यावर, म्हणजे कंबरेचा ताण उतरतो. आणि घरातल्या इतरांना सांगते, की फरशी पुसणं, गाद्या उचलणं, पंखे पुसणं, बादल्या वाहणं ही जोराची कामं तुमची. तुम्ही पत्रात घरकामाचा उल्लेख केलेला नाही, यावरून मी काय ते समजले. रविवारी पूर्ण घराची फरशी कापड पिळून, वाकून पुसून बघा. तिसऱ्या खोलीत गाणं बंद पडेल.

आता कोणी म्हणेल, मग कामवाली बाई बंद करू. तसं करू नका, तिचा संसार त्यावर चालतो. आणि दुसरं असं, की पाच घरच्या फरश्या उकिडवं बसून पुसणाऱ्या बायका माझ्याकडे पन्नाशीच्या आत गुडघे धरून येतात. तेच काम, त्याच पद्धतीने, विश्रांतीशिवाय, आपल्या मर्जीने थांबायची सोय नाही, तर त्याने शरीर घडत नाही, झिजतं. हालचाल हवी ती पालटती आणि थांबता येणारी.

ताकदीचं काय? इथे मात्र रोजची हालचाल थोडी कमी पडते, हे मान्य करायला हवं. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचं वस्तुमान साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटत जातं, आणि नुसत्या चालण्याने ते थांबत नाही. ओझं उचलावं लागतं. म्हणून दहा मिनिटांत दारात येणारं किराणा सामान आठवड्यातून दोनदा तरी बंद ठेवा आणि मंडईत जा. दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या, खांदे मागे, मान सरळ. कांदे-बटाटे आणि एक कलिंगड असलं की दोन्ही हात मिळून आठ-नऊ किलो सहज होतं. जिममध्ये याच प्रकाराला वेगळं नाव आहे आणि त्याचे पैसे पडतात. पिशवी जमिनीवरून उचलताना कंबरेतून वाकू नका, गुडघे मोडा. ओट्याच्या कडेला हात टेकून दहा तिरपे जोर, चहा उकळेपर्यंत होतात. याला व्यायाम म्हणाल तर म्हणा, कपडे बदलावे लागत नाहीत एवढं खरं.

वजन उतरेल का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणारच. फार आशा धरू नका. सत्तर किलोचा माणूस एक मजला चढला की दोन-अडीच कॅलरी खर्च होतात. एक वडापाव तीनशेच्या आसपास धरला तर सव्वाशे मजले झाले. या हालचालींनी साखर, रक्तदाब, दम, तोल, झोप हे सुधारतं, वजनाचा निकाल मात्र ताटातच लागतो.

पावलांचा आकडा विचाराल तर दहा हजार ही कुठल्या डॉक्टरची शिफारस नव्हे. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच "मानपो-केई", म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. नाव राहिलं आणि आकडा जगभर झाला. सत्तरीच्या आसपासच्या अमेरिकन स्त्रियांच्या २०१९ मधल्या अभ्यासात साधारण चार हजार चारशे पावलांपासूनच फायदा दिसू लागला आणि साडेसात हजारांच्या पुढे फारसा वाढला नाही. तुम्ही आज किती चालता ते एक आठवडा नुसतं बघा आणि त्यात दीड-दोन हजारांची भर घाला.

थोडं सावधगिरीचं. जिना चढताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, किंवा पाच मिनिटं बसूनही दम ओसरला नाही, तर माझं लिखाण बाजूला ठेवून थेट डॉक्टर गाठा. पुढे साखरेचं औषध सुरू झालंच तर त्यातली काही औषधं चालण्याबरोबर साखर एकदम खाली आणतात, तेव्हा आधी विचारून घ्या. पायाला बधिरपणा असेल तर अनवाणी चालू नका.

आता आईंकडे वळते, कारण तुमच्यापेक्षा मला त्यांची चिंता जास्त आहे. तीन वर्षांत इतका फरक केवळ सोफ्याने पडला असं मी न बघता म्हणणार नाही. आधी डॉक्टरांकडून उभ्याने आणि बसून रक्तदाब, डी आणि बी-१२ जीवनसत्त्वं, थायरॉइड, डोळे, आणि चालू असलेल्या औषधांची यादी तपासून घ्या. हाताला कंप किंवा पाय घासत चालणं दिसलं तर तेही सांगा. यातून काही निघालं नाही, तर घर बदलायला घ्या. त्यांच्या पलंगाची गादी फार मऊ असेल तर कडक करा. मऊ गादीत रुतलेला माणूस उठूच शकत नाही. न्हाणीत पकडायला दांडा बसवा. सोफ्यावर त्यांच्या बैठकीखाली एक घट्ट उशी घाला, म्हणजे उंची वाढेल आणि हात न लागता उठता येईल. मग दर पंधरा दिवसांनी ती उंची थोडी कमी करत या. चौरंगापर्यंत त्या आल्या तर फार झालं, जमिनीचा हट्ट नको.

आणि त्यांना काम द्या. "आई, तू बस, मी करतो" हे वाक्य घरातून हद्दपार करा. मेथीची जुडी, सोलायचे मटार, घडी घालायचे कपडे, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी. पाण्याचं भांडं लहान, म्हणजे फेऱ्या होतील. त्या उठायला लागल्या की तुमचा हात सवयीने पुढे जाईल. खुर्ची भिंतीला टेकवून त्यांच्या शेजारी ठेवा, तुम्ही हातभर अंतरावर उभे राहा, आणि तोल जातोय असं दिसेपर्यंत हात मागे बांधून ठेवा. पहिले काही दिवस हे आईंपेक्षा तुम्हालाच जड जाईल.